तुळसकरांना गंध नाही

त्या शिबिरातून त्र्यंबक तुळसकरांच्या पदरात पडण्यासारखं फार काही नव्हतं. उपमा आणि चहा होता. पण उपमा घरीही मिळे आणि घरचा बरा असे. मेंदू तल्लख राहणार होता. पण तो तल्लख आहे याबद्दल तुळसकरांना स्वतःला शंकाच नव्हती, त्यामुळे तो लाभ शून्य धरायला हरकत नाही. उरला लाभ एकच. शेवटच्या दिवशी मिळणारं, लॅमिनेट केलेलं 'सजग मेंदू' प्रमाणपत्र. ते एकदा हाती आलं की फ्रिजच्या दारावर, सुनेच्या डोळ्यांसमोर लावायचं आणि हिरावून घेतलेला रविवारचा मासळीबाजार परत मिळवायचा, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

हिरावून घेतलेला हा शब्द तुळसकरांचा. सून रुचिता त्याला 'काळजी' म्हणे.

झालं होतं ते इतकंच. गेल्या महिन्यात डोंबिवली पश्चिमेच्या बाजारातून सुरमई घेऊन येताना तुळसकर चहाला थांबले आणि घरी आल्यावर पिशवीतून दोन दुधी आणि अस्तर लावायला दिलेले तीन ब्लाउज निघाले. सराफाने दिवाळीला अर्ध्या गावाला एकसारख्या पिशव्या वाटल्या तर दुसरं काय होणार? शिवाय पिशवी आधी कोणी उचलली? त्या बाईने! ती सुरमई घेऊन गेली ती गेलीच. तिच्या घरी तिला कोणी आजचा वार विचारला का? तुळसकरांना मात्र विचारला. मुलगा सर्वेश म्हणाला, "बाबा, ठाण्यात एक चांगले मेंदूचे डॉक्टर आहेत." रुचिताने मोबाइलवर तीन लेख वाचले. आणि पुढच्या रविवारपासून घरात मासे अ‍ॅपवरून यायला लागले. कापलेले, धुतलेले, थंडगार आणि बिनडोक्याचे.

"डोकं नसलेला मासा ताजा आहे हे ओळखायचं कशावरून?" तुळसकरांनी विचारलं.

"पाकिटावर लिहिलंय, बाबा. फ्रेश."

पस्तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत घालवलेल्या माणसाला पाकिटावरचं वाचून दाखवायचं! ज्यांनी तराजूच्या पारड्याखालचं मेण नुसत्या बोटाने शोधून काढलं होतं, त्यांना! तुळसकरांनी ती सुरमई खाल्ली, पण मान खाली घालून खाल्ली.

अशा मनःस्थितीत ठाकुर्लीच्या नवरत्न सोसायटीत शिबिराचा फलक लागला, त्यावर 'सजग मेंदू' प्रमाणपत्राचं आश्वासन सचिवांनी आपल्या मनाने घातलेलं. कल्याणहून प्रियांका नावाच्या एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट येणार होत्या. वास, चव, स्पर्श, आवाज, रंग असं नवनवीन काहीतरी इंद्रियांना रोज पुरवत राहिलं तर म्हातारपणी मेंदू जागता राहायला मदत होऊ शकते, असा त्यांचा विषय. पहिल्या भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हे औषध नाही. खात्री मी देत नाही. पण नुसतं टीव्हीसमोर बसण्यापेक्षा नक्कीच बरं." आणि सगळ्यांनी भरायचा एक साधा इंग्रजी फॉर्म सोसायटीचे सचिव साईनाथ निमकर यांच्याकडे देऊन, 'दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी येते' असं सांगून त्या कल्याणला परत गेल्या.

इथे घोटाळ्याची सुरुवात झाली. कारण निमकर आयुष्यभर संस्कृत शिकवत आलेले. साध्या गोष्टीला साधा शब्द वापरला तर त्यांना कमीपणा वाटतो. आमच्या, म्हणजे नवरत्नच्या, लिफ्टवर 'उद्वाहन' अशी पाटी आहे आणि ती बंद पडते तेव्हा 'उद्वाहन विश्रांत आहे' अशी. प्रियांकाबाईंच्या फॉर्ममध्ये 'तुम्हाला वास नीट येतो का? चव कळते का?' असे पोरांनाही कळतील असे पाच प्रश्न होते. निमकरांनी एका रात्रीत त्याचं मराठी केलं. ते असं:

'आपल्या ठायी पुढील गोष्टी आहेत का? खूण करावी. शब्द. स्पर्श. रूप. रस. गंध.' आणि प्रत्येकापुढे 'आहे', 'नाही' असे दोन चौकोन.

तुळसकरांचं एक तत्त्व होतं. सरकारी कागदावरचा रकाना मोकळा सोडायचा नाही आणि खोटा भरायचा नाही. चष्मा पुसून, पेन झटकून ते बसले.

शब्द. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तुळसकरांनी दिलेला शब्द फिरवला असं जिल्ह्यात कोणी म्हणेल तर समोर आणा. 'आहे.'

स्पर्श. ह्यावर त्यांनी बराच वेळ घेतला. असल्या चौकशा सोसायटीने कराव्यात का, हा मुद्दा वेगळा. पण कागदावर आलंच आहे तर खोटं कसं लिहायचं? गेल्या काही वर्षांचा प्रामाणिक आढावा घेऊन त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि बायको चहा घेऊन आली तशी त्यावर तळहात ठेवला.

रूप. वय अडुसष्ट. 'नाही.'

रस. निमकरांच्या कार्यक्रमांत? काडीचाही नाही. इथे खूण जरा दाबून केली, कागदाला मागून उठली.

गंध. वडील लावायचे. तुळसकरांच्या कपाळाला खाज सुटते म्हणून ते कधी लावत नसत. 'नाही.'

कागद घडी घालून त्यांनी निमकरांच्या हातात दिला आणि निश्चिंत झाले.

दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर निमकरांचा संदेश आला. 'सर्व ज्येष्ठांच्या पत्रकांचे संकलन झाले. पत्रके गोपनीय आहेत.' त्याखाली लगेच निष्कर्ष. ते गोपनीय नव्हते. 'त्र्यंबक तुळसकर, तिसरा मजला: ज्ञानाच्या पाच दारांपैकी चार बंद. तुळसकरांना गंध नाही. सर्व सभासदांनी त्यांना सांभाळून घ्यावे.' आणि त्यापुढे हात जोडलेली चित्रं सहा.

तुळसकरांनी संदेश तीनदा वाचला. मग चपला न घालताच पहिल्या मजल्यावर उतरले.

"निमकर! मला कशाचा गंध नाही?"

"कशाचाच नाही," निमकर हळुवार आवाजात म्हणाले. "बसा. पाणी देऊ?"

"हे असं चारचौघांत बोलायचं? हे ठरवणारे तुम्ही कोण?"

"मी नाही हो ठरवलं. तुम्हीच लिहून दिलंय, सहीनिशी."

"मी लिहून दिलंय? मला कशातलं काही कळत नाही म्हणून?"

"आठवत नाही का?" निमकरांनी असं विचारलं आणि आत बायकोकडे सूचक नजरेने बघितलं.

"कागद दाखवा."

"गोपनीय आहे."

"माझाच कागद माझ्यापासून गोपनीय?"

"नियम सगळ्यांना सारखा. दुरुस्ती हवी असेल तर अर्ज करा. दोन साक्षीदार लागतील. आणि अर्जदाराची आकलनशक्ती शंकास्पद असेल तर पालकाची सही."

"पालक? माझे वडील जाऊन एकवीस वर्षं झाली."

"सर्वेशची चालेल," निमकर म्हणाले.

तुळसकर जिना चढून वर आले. राग होताच, पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. आपण असं लिहून दिल्याचं त्यांना खरंच आठवत नव्हतं. दुपारी घर झोपलेलं असताना ते स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी उघडली आणि नाकाला लावली. हिंग होता. मैदा जास्त घातलेला, पण हिंग होता. त्यांनी डबी बंद केली, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा उघडून खात्री करून घेतली.

त्यानंतरचे आठ दिवस तुळसकर विसरणं शक्य नाही, निदान नवरत्न सोसायटी त्यांना ते विसरू देणार नाही. ग्रुपवर 'सांभाळून घ्यावे' असं आलं होतं आणि आपल्याकडे एखाद्याला सांभाळून घ्यायचं ठरलं की त्याची धडगत नसते.

दुसऱ्या मजल्यावरचे काळुराम भोईर पहिले आले. ज्या जमिनीवर नवरत्न उभी आहे ती मूळची ह्यांच्या आजोबांची, त्यामुळे सगळी बिल्डिंग आपल्याच ओसरीवर राहायला आली आहे अशा आपुलकीने ते वागत. त्यांनी दार उघडताच तुळसकरांच्या नाकाखाली सुका बोंबील धरला.

"काका, हुंगा. जोरात हुंगा. हा बोंबील हाय. बों-बील."

"कळतंय मला बोंबील आहे ते!"

"हां हां, कलतंय," काळुराम मायेने म्हणाले आणि रुचिताकडे वळून हलक्या आवाजात, "रोज सकालीं एक द्या नाकाला. आमचे आज्याला यानीच शुद्धीवर आनला व्हता."

समोरच्या फ्लॅटमधल्या दिपिकाने लव्हेंडरचं तेल आणून उशीला लावलं. तुळसकरांना रात्रभर शिंका आल्या. "बघा, रिअ‍ॅक्शन येतेय, म्हणजे मेंदू जागा होतोय," असं ती म्हणाली. तळमजल्याच्या रंगूबाई, वय चौऱ्याऐंशी, काठी टेकत वर आल्या आणि तपकिरीची डबी ठेवून गेल्या. प्रत्येक जण वस्तू नाकाशी नेण्याआधीच तिचं नाव सांगे. "हा ओवा आहे हं काका." "ही कापूरवडी." ओळखायची संधी तुळसकरांना कोणी दिलीच नाही. आणि त्यांनी "मला येतो वास!" असं ओरडून सांगितलं की समोरचा माणूस मान हलवून म्हणे, "हो, येतो ना. येतो." अशा सुरात, की ऐकणाऱ्याची खात्री पटावी, येत नाही.

घरातही गप्प बसणारं कोणी नव्हतं. स्पर्श बंद आहे म्हटल्यावर रुचिताने बाथरूमच्या कडीला सँडपेपर चिकटवला, खुर्चीच्या हाताला काथ्या गुंडाळला आणि परातीत बाजरी ओतून तुळसकरांना सकाळ-संध्याकाळ त्यात अनवाणी उभं केलं. रस बंद म्हणून आमटीत एक दिवस चिंच, एक दिवस कारलं. सर्वेश ऑफिसमधून फोन करून विचारी, "बाबा, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"परातीत," तुळसकर सांगत.

बायको तेवढी काही बोलत नव्हती. संध्याकाळी ती बाजरी चाळून पुन्हा डब्यात भरून ठेवी. "अहो, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," एवढंच एकदा म्हणाली.

पण शेवटचा घाव गेटवर बसला. वॉचमन उत्तमने तुळसकरांपुढे नवी वही सरकवली. 'बाहेर जाणारे ज्येष्ठ' असं वर लिहिलं होतं आणि खाली रकाने: नाव, वेळ, कुठे, कोणाबरोबर. वहीत नाव एकट्या तुळसकरांचंच.

"निमकरसरांनी सांगितलंय, साहेब. एकट्याला सोडायचं नाय."

"पेपर आणायला चाललोय मी, समोर."

"कोणाबरोबर?"

रकाना मोकळा सोडायचा नाही आणि खोटा भरायचा नाही. तुळसकरांनी पेन घेतलं, 'कोणाबरोबर' खाली स्वच्छ अक्षरात 'स्वतःबरोबर' असं लिहिलं आणि निघाले. तो फोटो दहा मिनिटांत ग्रुपवर आला. निमकरांनी खाली लिहिलं, 'लक्षणे वाढत आहेत.'

शनिवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये माणसांना बसायला जागा नव्हती. ज्येष्ठ सोळा आणि त्यांच्यापैकी एकाला बघायला आलेले पन्नास. रुचिता आणि सर्वेश पहिल्या रांगेत. प्रियांकाबाईंनी टेबलावर स्टीलच्या आठ छोट्या डब्या मांडल्या. झाकणांना भोकं पाडलेली. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, वास घ्यायचा आणि वाटेल ते सांगायचं. "ही परीक्षा नाही, गंमत आहे," त्या म्हणाल्या. पण त्या बाजारासाठी बसलेल्या नव्हत्या. तुळसकर बसले होते. हाताचे तळवे त्यांनी धोतराला... धोतर नव्हतं, पायजम्याला पुसले.

पहिली डबी नाकाजवळ आली. काळुराम भोईर आपलं नातवंड स्टेजवर असल्यासारखे पुढे झुकले.

"कॉफी," तुळसकर म्हणाले. मग आठ दिवसांचं साचलेलं एकदम वर आलं. "कॉफी कसली, अर्धी चिकोरी आहे. कोणाकडून घेतलीत?"

"काका, नुसतं नाव सांगितलं तरी चालेल."

"नाव खोटं आहे म्हणूनच सांगतोय. पुढची?"

पुढची लवंग. तेल काढून घेतलेली. तिसरी जायफळ, हे मात्र उत्तम. चौथी, "चंदन नाही. चंदनाचा वास मारलेला लाकडाचा भुसा. तुम्हाला फसवलंय बाई." पाचवी कडुनिंबाचा साबण, सहावी हळद, सातवी ओला नारळ, फोडून दोन दिवस झालेला. आठवी डबी नाकाशी आली तसे तुळसकर थांबले. पुन्हा वास घेतला. मागे कोणीतरी "अरेरे" म्हणालं.

"ह्यात काही नाही," तुळसकर म्हणाले. "रिकामी आहे. धुण्याआधी ह्यात लिंबाचं लोणचं होतं."

प्रियांकाबाई हसायला लागल्या. "माझ्या आईच्या लोणच्याची डबी आहे ती."

"आणि निमकर," डोळ्यांवरचा रुमाल तसाच ठेवून तुळसकर गरजले, "माझ्या खांद्यावरून डोकावू नका. तळलेलं सोडलंय म्हणून ग्रुपवर लिहिता आणि आत्ता दोन बटाटेवडे खाऊन आलात. लसणीची चटणी लावून."

पन्नास माणसं एकदम हसली तेव्हा कुठे निमकर मागे सरकले. प्रियांकाबाईंनी त्यांच्या हातातली फाइल घेतली आणि तुळसकरांचा कागद काढला. गोपनीयता तिथेच संपली.

"काका, एवढं नाक तुमचं! मग गंधापुढे 'नाही' का लिहिलंत?"

"नाहीच लावत. कपाळाला खाज येते."

"आणि रस?"

"निमकरांच्या कार्यक्रमात? तेव्हाही नव्हता, आत्ताही नाही."

"रूप?"

"तुमच्यासमोर बसलोय. तुम्हीच लिहा."

स्पर्शाबद्दल त्या काही विचारणार इतक्यात तुळसकरकाकूंना मोठ्याने खोकला आला आणि तो प्रश्न राहून गेला.

मग बाकीचेही बोलायला लागले. काळुराम म्हणाले, "मी रसापुढं 'हाय' लिवला, पन डॉक्टरनी ऊस बंद केलाय म्हनून बाजूला तसा लिवलाय." रंगूबाईंनी काठी आपटून सांगितलं, "मी रूप 'आहे' असं लिहिलंय आणि ते मी खोडणार नाही." सोळाच्या सोळा कागद बाद झाले. प्रियांकाबाई निमकरांकडे वळल्या. "सर, मी विचारलं होतं वास येतो का. 'वास येतो का' एवढंच लिहायचं होतं."

"वास हा शब्द जरा ग्राम्य वाटला," निमकर म्हणाले.

तुळसकरांनी रुमाल सोडला, उभे राहिले आणि हात पुढे केला. "प्रमाणपत्र."

"कसलं?" प्रियांकाबाईंनी विचारलं. "असं प्रमाणपत्र नसतंच काका. आठ वास ओळखले म्हणून मेंदूची हमी कोणी देत नाही, आणि चुकले असते तरी कोणी वेडं ठरत नाही. हे चालू ठेवायचं, बस."

म्हणजे परातीत उभं राहायचं ते राहायचंच, आणि कागद नाहीच! तुळसकर निमकरांच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात होते, पण रुचिता मध्ये आली.

"बाबा, गेल्या रविवारची सुरमई कशी होती?"

"तीन दिवसांची."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं?"

रुचिता थोडी खजील झाली. "उद्या तुम्ही जा बाजारात," ती म्हणाली. "एकटेच जा. सरंगा आणा, मी वाटप करून ठेवते."

तुळसकरांचा चेहरा उजळला, तो पुरता उजळायच्या आत दिपिका म्हणाली, "काका, आमच्यासाठी कोळंबी बघाल? वासावरून घ्या हं." मग काळुराम, मग रंगूबाईंच्या सुनेने मांदेली, मग चौथ्या मजल्यावरचे दोघे. आदल्या दिवशी ज्या माणसाला एकट्याने पेपर आणायला सोडत नव्हते त्याच्याकडे संध्याकाळपर्यंत नऊ घरांच्या पिशव्या आल्या. तुळसकरांनी एकालाही नाही म्हटलं नाही. का म्हणावं? इतका मान नोकरीतही मिळाला नव्हता.

रविवारी बाजारात जनाबाईने त्यांना लांबूनच पाहिलं. ती कोपरच्या खाडीकडची कोळीण, तुळसकर तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"कं शेट, बाजार सोरला कं काय? मना वाटला गेलाव तुमी!"

"मी नाही गेलो. मला घालवत होते," तुळसकर म्हणाले आणि टोपलीवर वाकले. दीड तास त्यांनी कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, हुंगलं, परत टाकलं, घासाघीस केली. जनाबाई कंटाळून म्हणाली, "आता लगीन लावताव का तिच्यासंगती?" सरंगा समोरच होता, लखलखीत. "आमचा शेवटी बघू," तुळसकर म्हणाले. आधी लोकांचं. लोकांनी विश्वासाने सांगितलंय.

नऊ पिशव्या दोन्ही हातांत तोलत ते परतले. चौथ्या मजल्यापासून वाटत वाटत खाली आले. प्रत्येक दारात पिशवी उघडून वास घेतला गेला, वाहवा झाली. काळुरामांनी तर मिठी मारली. शेवटची पिशवी रंगूबाईंच्या घरी देऊन, जिना चढून, ते आपल्या दारात उभे राहिले आणि बेल वाजवायला हात वर केला. दोन्ही हात रिकामे होते.

रुचिताने दार उघडलं. मागून ओल्या नारळाचा आणि तिरफळाचा वास आला. कोकमं भिजत घातलेली असणार.

"आणला सरंगा?"

तुळसकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून, ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे.

"आज... आज संकष्टी आहे," ते चिडून म्हणाले. "घरात कोणाला काही लक्षात राहत नाही! नाही आणला!"

"आज? संकष्टी बुधवारी झाली ना?" रुचिताचा हात मोबाइलकडे गेला. बुधवारी साबुदाण्याची खिचडी तिनेच केली होती.

बायकोने तुळसकरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. त्या चेहऱ्यावर राग होता, पण चाळीस वर्षं तिने पाहिलेला तो राग हा नव्हता.

"आजच आहे गं," ती शांतपणे म्हणाली. "बुधवारी मीच चुकून धरली. आणि ह्यांना सकाळी सांगायचं तेही विसरले. तू वरणाला फोडणी दे."

रुचिताचा हात थांबला. सासूकडे ती जरा वेळ बघत राहिली, त्याच काळजीच्या नजरेने. "आई," ती मऊ आवाजात म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुम्हीही जाल का प्रियांकामॅडमकडे?"

"जाईन की," काकू म्हणाल्या आणि परात काढायला वाकल्या.

तेव्हा जमाखर्च असा: नऊ घरांनी ताजे मासे खाल्ले, जनाबाईची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली, तुळसकरांचा रविवार शाबूत राहिला, आणि विसरल्याची नोंद पडली ती तुळसकरकाकूंच्या नावावर.